सुबाना आणि लांबमान्या किडा

गोष्ट सांगा म्हणे. इथं दाढ ठणकतेय, ते कुणी विचारत नाही. ऐका एकदाची.

डोंगरापलीकडच्या गावात सुबाना नावाचा एक भोळा माणूस राहायचा. कामधंदा नाही. बायको आवडी म्हणाली, "नोकरी धरा, नाहीतर मी माहेरी निघाले."

रानात निमकर सर आले होते, किडे बघायला. त्यांना हवा होता लांबमान्या. नखाएवढं तांबडं अंग आणि त्याला काळी मान, अंगाहून लांब! भुंग्याला बगळ्याची मान डकवल्यासारखी. सर म्हणाले, "जिवंत आण. तुला राखणदार ठेवतो."

सुबानाला झुडपावर किडा दिसला. त्याने मान धरून उचलला. मान हातात, किडा खाली.

सर ओरडले, "अरे, मान धरायची नसते!"

"बरं."

घरी आवडी म्हणाली, "शेळी बांधा." मान धरायची नसते. सुबानाने शेपटीला दावं बांधलं. शेळी गेली. दावं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा किडा दिसला. हात लावताच तो पाय वर करून पडला. सुबाना त्याला पुरून आला.

सर म्हणाले, "मेला नव्हता रे! सोंग करतो तो. गप्प बसायचं, आपसूक उठतो."

"बरं."

घरी पाहुणा आलेला सासरा आंब्यावरून पडला. सुबाना शेजारी गप्प बसला.

"जावईबापू, उचला की! पाय मोडला!"

"सोंग कळतं मला, मामा. उठाल आपसूक."

दुपारची संध्याकाळ झाली. आवडी आली, कपाळ बडवलं, बापाला गाडीत घातलं. "आता नोकरी लागली तरच न्यायला या," म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सुबानाने किडा डहाळीसकट जिवंत आणला. सर खूश. एवढ्यात हा शेजारच्या पानाची गुंडाळी सोडायला लागला.

"थांब! मादीने केलीय ती. आत अंडं आहे. गुंडाळी उलगडायची नाही. डबीत ठेवायची, पाणी शिंपडायचं, वाट बघायची."

"बरं."

आठवड्याने सरांचा माणूस गुंडाळून दोऱ्याने बांधलेला कागद देऊन गेला. म्हणाला, "यात तुमची नोकरी आहे."

महिना गेला. सुबाना काही कामावर येईना. सरांनी दुसरा राखणदार ठेवला आणि वैतागून स्वतःच त्याच्या घरी आले. "अरे, कागद मिळाला ना तुला?"

सुबानाने ओठावर बोट ठेवलं. डबीतल्या भिजून लगदा झालेल्या कागदाकडे बघत म्हणाला, "हळू बोला सर. रोज पाणी शिंपडतोय. नोकरी अजून बाहेर आलेली नाही."

हे खोटं आहे म्हणत भर पारावर मला हसला तो बाबल्या गावडे. माफी मागायचीय त्याने अजून.