थॉर्नटनसाहेबांचा कोपरा

आयोवातल्या त्या गावात राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडताना मतपेटी नसायची. शाळेच्या हॉलमध्ये ज्यानं त्यानं आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. कोपऱ्यात फारच थोडे असले, तर त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं.

कारखानदार थॉर्नटन आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात डोळे वटारून उभा होता. नोकरीच्या धास्तीनं सगळे कामगार माना खाली घालून त्याच्याच कोपऱ्यात गेले. समोर एकट्या मालिनीबाई दाबके उरल्या.

"नियम माहीत आहे ना, बाई? या इकडे."

बाईंनी एक पाऊल पुढं टाकलं. "येते. पण ही माणसं मनापासून तुमचीच ना? मग मिनिटभर दिवे घालवा की!"

सगळ्यांदेखत थॉर्नटनला नाही म्हणायची सोय नव्हती. अंधारात बूट सरकत राहिले.

दिवे लागले, तेव्हा थॉर्नटन एकटाच होता.

"नियम माहीत आहे ना, साहेब?" बाई म्हणाल्या. "या, आम्ही जागा करतो."