हौसाची लगोरी

"बाबा, तुम्ही त्या पोरांना काही बोलणार आहात की नाही?"

अच्युत तरातरा मठाच्या ओसरीवर आला. अंगण झाडता झाडता तसाच आला होता, झाडू हातातच होता.

रेवणबाबा सुतळी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय केलं पोरांनी?"

"हौसाला चेंडू मारला. पाठीत, सणकून! तोंडावर पडली ती."

"मग?"

"मग काय मग? उठली, परकर झटकला आणि बाजूला जाऊन बसली. आउट म्हणे!"

"रडली?"

"नाही रडली. पण रडत नाही म्हणून मारायचं का, बाबा?"

बाबांनी सुतळीला पीळ दिला...

"आउट झाली आसंल," ते म्हणाले.

अच्युतनं आ वासला. मी शेजारीच भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मला त्याचा चेहरा बघवेना.

हा अच्युत कॉलेजातली नोकरी सोडून मठात आलेला. माणूस चांगला. चांगल्या माणसांचा मला जरा धसकाच असतो. कुणाला कुठं खुट्ट झालं की याचे हात शिवशिवायचे. बाबांनी एकदा दोनदा दटावलं, पण हा वाद घालायचा. दयेच्या बाबतीत आपण बाबांच्याही चार पावलं पुढं आहोत, असं त्याला मनातून वाटत होतं. बोलून दाखवत नव्हता, एवढंच.

आणि हौसा म्हणजे आमच्या कोंडाबाई कुंभारणीची नात. असेल नऊ-दहा वर्षांची. डावा पाय जन्मापासून बारीक, आखूड. धावताना तो पाय बाहेरून गोल फिरवून आणायची. मठापुढच्या माळावर रोज लगोरी चालायची आणि खापऱ्यांची चळत फुटली की ती लावायला सगळ्यांत आधी हीच घुसायची. मार खायची, आउट व्हायची, दुसऱ्या डावात पुन्हा हजर.

बाबा काही बोलत नाहीत म्हटल्यावर अच्युत स्वतःच माळावर गेला. पोरांना गोळा केलं. खडीसाखर वाटली. आणि सांगितलं, "आजपासून हौसा कच्चा लिंबू. तिला कुणी चेंडू मारायचा नाही."

कच्चा लिंबू! मला तर असला संताप आला.

अहो, तीन-चार वर्षांचं शेंबडं पोर "मी पण, मी पण" करत मागं लागलं की मोठी पोरं त्याला खेळात घेतात आणि एकमेकांना डोळा मारून सांगतात, हा कच्चा लिंबू. मग ते धावतं, ओरडतं, त्याला चेंडू लागला काय नि न लागला काय, कुणी धरत नाही. त्याला बिचाऱ्याला ते कळत नाही, म्हणून ते खुशीत असतं. हौसाला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी डाव लागला. चळत फुटली. हौसा घुसली. चेंडू म्हाळूच्या हातात, आणि म्हाळूचा नेम गावात एक नंबर. हौसा त्याच्यापुढं दोन हातांवर होती. म्हाळूनं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवून लांबच्या पोराला चेंडू मारला.

"मला मार की!" हौसा ओरडली.

"तुला न्हाय मारायचं."

"का?"

"अच्युतदादांनी सांगितलंय. तू कच्चा लिंबू."

हौसा तिथंच उभी राहिली... मग खाली बसली. एकेक खापरी उचलून सगळी चळत तिनं एकटीनं लावली. सावकाश. लावून झाली आणि तिनं आरोळी ठोकली, "लगोरी!"

कुणी ओ दिली नाही. तिच्या बाजूचे नाचले नाहीत, समोरचे चिडले नाहीत. म्हाळू नाक शिंकरत होता.

हौसानं सगळ्या खापऱ्या परकराच्या ओच्यात भरल्या. तशीच पाय फिरवत मठाच्या विहिरीवर गेली आणि एकेक करून आत टाकल्या. पोरं बोंबलत मागं धावली, पण तोवर सगळ्या बुडाल्या होत्या.

संध्याकाळी अच्युत बाबांपुढं बसला. डोळे भरून आले होते त्याचे.

"पाहिलंत, बाबा? मी तिच्या भल्यासाठी केलं आणि तिनं हे असं..."

"भलं तिनं मागितलं व्हतं?"

"मागावं कशाला लागतं? मला दिसत होतं ना!"

"तुला काय दिसलं?"

"पाय दिसला."

बाबांनी सुतळीच्या टोकाला गाठ मारली.

"पायच दिसला," ते म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

पुढं चार दिवस हौसा माळावर आली नाही. म्हणजे यायची, पण कडेच्या दगडी गडग्यावर माळाकडं पाठ करून बसायची. पोरांनी नव्या खापऱ्या आणल्या होत्या. खेळाचा गलका चालायचा आणि ही पाठमोरी. येणारा-जाणारा तिच्याकडं बघून थबकायचा. कोंडाबाईनं मला विचारलं, पोरगी जेवत का न्हाय हो? मी काय सांगणार! तुमच्या पोरीवर मठानं दया केली म्हणून सांगू?

अच्युत खडीसाखर घेऊन तिच्याकडं गेला. तिनं ती घेतली आणि त्याच्यासमोर मुंग्यांना टाकली.

"अगं, तुला लागत होतं म्हणून मी..."

"लागत मला व्हतं. तुमाला कुणी बोलावलं व्हतं?"

"तुझ्याच भल्याचं..."

"एकदा म्हाळूला चकवलं व्हतं मी! त्यानं नेम धरून मारला आन् मी खाली बसले. वरनं गेला चेंडू. सगळ्यांनी बघितलं व्हतं!" तिचा आवाज फाटला. "आता पुन्हा चकवू कुणाला? मारतंय कोण मला?"

एवढं ऐकून गप्प बसेल तर तो अच्युत कसला! तो थेट माळावर गेला आणि पोरांना म्हणाला, "हौसाला पुन्हा खेळायला घ्या."

"घेतो की," म्हाळू म्हणाला. "पण मारायचं का न्हाय मारायचं?"

अच्युतनं विचार केला.

"हळू मारा."

काय कर्म म्हणावं! पोरं खी खी हसली. हौसानं ते ऐकलं. गडग्यावरून उतरली आणि घरी गेली. जाताना एकदाही वळून पाहिलं नाही.

अच्युत परत आला तो भांडायच्याच तयारीत.

"बाबा, आता तुम्हीच सांगा पोरांना. पहिल्यापासून तुम्ही बोलला असतात तर ही वेळ आली नसती. तुम्हाला काहीच वाटत नाही का? एक अधू पोर तिकडं झुरतेय आणि तुम्ही सुतळी वळताय!"

मला वाटलं, आता बाबा याला उभा सोलणार. मी असतो तर सोलला असता.

बाबांनी सुतळी खाली ठेवली.

"हौसाला बोलाव."

"काय सांगून?"

"म्हणावं, बाबाला खेळायचंय. एक गडी कमी पडतोय."

"बाबा, ही चेष्टेची वेळ आहे का?"

बाबांनी धोतराचा काचा मारला.

हौसा आली. विश्वास बसत नव्हता तिचा, पण आली. माळावर ही गर्दी! बाबांनी सत्तरी कधीच ओलांडलेली, तरी उघड्या अंगानं म्हाळूच्या बाजूला जाऊन उभे राहिले. हौसा समोरच्या बाजूला. अच्युत कडेला, हाताची घडी घालून, तोंड पाडून उभा.

पहिल्याच चेंडूला चळत फुटली. पोरं पांगली. हौसा पाय फिरवत आत घुसली, वाकली, एक खापरी ठेवली, दुसरी ठेवली... चेंडू गडगडत बाबांच्या पायाशी आला.

बाबांनी तो उचलला. हात मागं नेला. आणि काय सांगू, त्या म्हाताऱ्या हातानं असा काही फेकला की चिंध्यांचा तो चेंडू हौसाच्या पाठीत फाडकन बसला.

पळणारी पोरं जागच्या जागी थांबली.

"बाबा!" अच्युत किंचाळला.

"आउट!" बाबा त्याच्याहून मोठ्यानं ओरडले.

हौसा पालथी पडली होती. ती उठली. पाठ चोळली. तोंड रागानं लालबुंद झालेलं. ज्या बाबांच्या पायांची धूळ गावचे पाटील कपाळाला लावतात, त्यांच्यापुढं ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"टप्पा पडला व्हता!"

टप्पा पडून लागलेला चेंडू आमच्याकडं धरत नाहीत.

"न्हाय पडला," बाबा म्हणाले.

"पडला! तितं पडला, त्या दगडापाशी!"

"सरळ लागलाय. हो बाजूला!"

"न्हाय होनार! रडी खाताय तुमी!"

"मी रडी? मी? तूच रडी!"

"बाबा, पडला व्हता बहुतेक..." म्हाळू चाचरत म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूचा रं?" बाबा त्याच्यावर उखडले.

झालं! पोरांचे दोन तट पडले. निम्मी म्हणतात पडला, निम्मी म्हणतात न्हाय पडला. हौसाच्या बाजूच्या पोरांनी तिला पुढं घातलं आणि ती गळ्याच्या शिरा ताणून भांडत होती. हात नाचवत होती, त्या दगडापाशी जाऊन बोट आपटत होती, परत येऊन बाबांच्या अंगावर धावत होती. डोळे फुटलेत का बाबा तुमचे, असंसुद्धा म्हणाली.

टप्पा पडला होता. मी स्वतः पाहिला होता.

बाबांना दम लागला होता. छाती भात्यासारखी हलत होती. पण मागं हटायला तयार नाहीत.

अच्युतला ते सहन होईना. तो गर्दीतून वाट काढत आला. त्यानं बाबांचा दंड धरला आणि हळूच, कळवळून म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. लहान आहे. पायानं अधू आहे हो ती..."

बाबांनी दंड हिसडून सोडवला.

"आसंल," ते म्हणाले. "पण आउट हाय!"