सुपात पडलेलं पीठ

भांडीकुंडी अजून बोलत होती, त्या काळची गोष्ट. सशाच्या घरी बारसं होतं आणि स्वयंपाकाला नवी अस्वलबाई आली होती. बाई कामसू, पण असलं स्वयंपाकघर तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, "तुमचं काम काय?"

"साफ करायचं," चाळणी तोऱ्यात म्हणाली.

"माझंही तेच," सूप म्हणालं. कमीपणा कोण घेणार?

अस्वलबाईनं जवळचं सूप उचललं, त्यात डब्यातलं बरंचसं लाडवांचं पीठ ओतलं आणि दणकून पाखडलं. निम्मं पीठ खिडकीबाहेर गेलं, बाकीचं तिच्या अंगावर बसलं. पांढरीफटक अस्वलबाई रडकुंडीला आली.

सूप खजील झालं. "चुकलं माझं, बाई. माझं काम दाण्यातलं फोलपट उडवायचं. हलकं काही माझ्यात टिकत नाही. पीठ चाळणीकडे न्या."

"आणि दाणे पाखडायला मला घेऊ नका," चाळणी हळूच म्हणाली. "मी फक्त पिठातला कोंडा अडवते."

डब्यात उरलेल्या पिठाचे लाडू लिंबाएवढेच झाले, पण सगळ्यांना पुरले.

तेवढ्यात कोपऱ्यातून मुसळ गरजलं, "बाई, आता माझी कामं ऐका!"

"ऐकते हो," अस्वलबाई हसली. "पण आधी तुम्हाला काय जमत नाही, ते सांगा."