चोरटीची खिंड

एकदा एका भातशेतीच्या खोऱ्यात एक वृद्ध शास्त्रीबुवा आणि त्यांचा शिष्य मिळून त्या खोऱ्याचा वृत्तांत लिहीत होते. काम सात गावांनी एकमताने सोपवलेले होते. देऊळ कोणी बांधले, तळे कोणी खणले, पूर कधी आला, हे सारे क्रमाने लिहायचे आणि नवान्नपौर्णिमेला, देवीला नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवण्यापूर्वी, सभामंडपात सर्वांसमोर वाचायचे, असे ठरले होते. शास्त्रीबुवांची दृष्टी मंदावली होती. म्हणून ते सांगत आणि शिष्य विश्वंभर लिहून घेई.

विश्वंभर तिशीचा होता, बुद्धिमान होता, कष्टाळूही होता. त्याच्यात एक दोष मात्र होता. एखादी गोष्ट जुळेनाशी झाली की तिच्या मुळाशी कपट आहे, असेच त्याच्या मनात प्रथम येई.

वृत्तांत मोठ्या दुष्काळापर्यंत आला तेव्हा शास्त्रीबुवा अडखळले.

"लिही. तीन वर्षे पाऊस पडला नाही. चौथ्या वर्षी पडला. मग दोन पाने कोरी सोड."

"कोरी का, गुरुजी? चौथ्या वर्षी देवीने स्वतः बी दिले, हे तर शेंबडं पोरही सांगेल. तेवढे लिहितो ना."

"कोरी सोड म्हटले ना!" शास्त्रीबुवा एरवी आवाज चढवत नसत.

विश्वंभरने पाने कोरी सोडली. पण त्या दिवसापासून तो गुरुजींकडे निराळ्या नजरेने पाहू लागला.

खोऱ्यातून बाहेर जाणारी वाट एका खिंडीतून जात होती. तिला चोरटीची खिंड म्हणत. दुष्काळात एका बाईने देवळाच्या कोठारातले धान्य चोरले आणि लोकांनी तिला तिथेच दगडांनी ठार केले, एवढीच हकीकत सर्वांना ठाऊक होती. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येकजण वाटेतला एक दगड उचलून "हो बाजूला, चोरटे!" असे म्हणत तिथे टाकी. शंभर वर्षांत माणसाच्या दुप्पट उंचीची रास झाली होती. विश्वंभरनेही लहानपणापासून तिथे कितीतरी दगड टाकले होते.

एका सकाळी तो शेजारच्या गावाहून परतत असता त्याला राशीपाशी शास्त्रीबुवा दिसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, राशीतला एक दगड काढला, झोळीत घातला आणि ते ओढ्याकडे उतरले. दगड पाण्यात सोडून, हात धुऊन ते घरी गेले. विश्वंभर करवंदीच्या जाळीआडून पाहत राहिला.

आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडला. त्यानंतर पुन्हा.

त्याच सुमारास मीठ विकायला एक व्यापारी त्या वाटेने आला. विश्वंभरने त्याला नाव न सांगता गोष्ट विचारली. व्यापारी हसला.

"एवढं शिकलात आणि कळेना? चोरी झाली म्हणता. मग चोरीचा माल कुठं गेला? दगड काय कोण उगाच उपसतं? खाली पुरलंय काहीतरी. म्हातारा वाट मोकळी करतोय, हळूहळू, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं."

विश्वंभरला हे अगदी पटले. न पटण्यासारखे त्यात त्याला काहीच दिसले नाही.

मग त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. खोऱ्याच्या टोकाला, त्या चोरटीच्या लेकीचा वंश जिथे राहत होता, ती चार घरांची वाडी होती. त्या वाडीतली माणसे खिंडीतून कधी जात नसत. डोंगराला वळसा घालून जात. तिथली धुरपा नावाची प्रौढ बाई देवळाला पत्रावळी पुरवी, पण पायरीवर ठेवून परत फिरे. एका संध्याकाळी शास्त्रीबुवा त्या धुरपाच्या ओट्यावर बसले होते. विश्वंभर कुडाआड उभा राहिला.

"ते तेवढं दिलंस तर माझं काम पुरं होईल," शास्त्रीबुवा हलक्या आवाजात म्हणत होते.

"तुम्हाला कशाला पाहिजे ते?" धुरपाने विचारले. "चार पिढ्या जपलंय आम्ही. तुमच्या हाती दिलं तर तुम्ही त्याचं काय कराल, कोण जाणे."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," धुरपा म्हणाली. "कशावर ठेवू?"

आता शंकेला जागाच उरली नाही. ज्या माणसापाशी तो अक्षर गिरवायला शिकला, तो माणूस चोरीच्या मालात वाटा मागत होता. त्या दिवशी विश्वंभरला जेवण गेले नाही. गुरूविरुद्ध बोलावे कसे, आणि न बोलावे तर सात गावांनी टाकलेल्या विश्वासाचे काय? अखेर तो दाजीबा खोतांकडे गेला. दाजीबा त्या खोऱ्याचे मुख्य. करारी आणि देवीवर अपार निष्ठा असलेले. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"तू खात्रीने सांगतोस?"

"डोळ्यांनी पाहिले आहे."

पुढच्या खेपेला शास्त्रीबुवांनी दगड उचलला आणि वळून पाहिले, तो समोर दाजीबा, वीस-पंचवीस माणसे आणि मागे मान खाली घातलेला विश्वंभर. शास्त्रीबुवांची नजर शिष्यावर क्षणभर थांबली.

"बुवा, हे काय चाललंय?" दाजीबांनी विचारले.

"आधी रास उपसा," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी सांगून तुमचे समाधान होणार नाही."

माणसे कामाला लागली. बातमी पसरली तशी आणखी माणसे आली. दुपार टळेपर्यंत रास सपाट झाली. पहारीने खणून पाहिले. खाली लाल माती निघाली, त्याखाली कातळ लागला. एक फुटका मणीही सापडला नाही. ज्यांनी घाम गाळला ते आता विश्वंभरकडे रागाने पाहू लागले.

शास्त्रीबुवांनी कमरेच्या कनवटीतून मेणकापडात गुंडाळलेला एक जुना कागद काढला आणि विश्वंभरपुढे धरला.

"वाच. मोठ्याने वाच."

विश्वंभरने वाचायला सुरुवात केली. देवीच्या एका पुजाऱ्याने मरणापूर्वी लिहिलेला तो कागद होता. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी लोकांनी कोठारातले बियाणे खाण्यासाठी वाटून घ्यायचे ठरवले. कोठाराची झाडलोट करणारी एक बाई तेव्हा पंचांच्या पाया पडली. बी खाल्ले तर पाऊस येऊनही उपयोग नाही, असे ती म्हणाली. तिचे कोणी ऐकले नाही. वाटपाच्या दिवशी कोठार उघडले, तो रिकामे. तिला खिंडीत पकडले. बी कुठे आहे विचारले, तर ती एवढेच म्हणाली, 'पाऊस पडू दे, मग सांगते.' तिचा धाकटा मुलगा चारच दिवसांपूर्वी भुकेने गेला होता. 'पहिला दगड मी मारला,' असे पुजाऱ्याने लिहिले होते. 'खोतांनी हुकूम दिला आणि पहिला दगड मी मारला. ज्येष्ठात पाऊस आला. तेव्हा तिच्या म्हाताऱ्या आईने आम्हाला वरच्या कपारीत नेले. कणग्या शेणाने लिंपलेल्या होत्या. सगळे बी जसेच्या तसे होते. आम्ही ते पेरले आणि देवीने दिले असे सांगितले.'

विश्वंभरने कागद खाली घेतला.

"तो पुजारी माझा पणजोबा," शास्त्रीबुवा म्हणाले. "कपार वर आहे. ज्याला पाहायची त्याने पाहावी."

काही जण चढून गेले. कोरड्या कपारीत कुजलेल्या कामट्या होत्या, जमिनीवर कणग्यांच्या बुडाची वर्तुळे होती, फटीत काळी पडलेली भाताची टरफले होती. ती माणसे मूठभर टरफले घेऊन खाली आली.

विश्वंभर गुरुजींच्या पायाशी बसला. "मग दगड मारण्याची रीत का पडली, गुरुजी? सत्य कळल्यावर तरी थांबायला हवे होते."

शास्त्रीबुवा म्हणाले, "विश्वंभरा, माणसे उपकार विसरतात ती नेहमी आळसाने विसरतात असे नाही. कधी कधी उपकार आठवला की आपला अपराधही आठवतो. म्हणून दोन्ही एकदमच पुरून टाकतात. पहिला दगड मारणाऱ्याला आपला दगड एकटा पडलेला नको होता. त्याने दुसऱ्याच्या हाती दगड दिला, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. तुझ्या हातीही तो असाच आला. तुला ती बाई ठाऊक नव्हती, तरी तिचा तिरस्कार ठाऊक होता. आज जे अन्न आपण खातो, त्याचा दाणा न् दाणा तिने राखलेल्या बियांतून आला आहे."

"आणि आपण दगड उचलत होता, ते तिच्यासाठी?"

"माझ्यासाठी," शास्त्रीबुवा म्हणाले. "चाळीस वर्षे हा कागद माझ्यापाशी आहे. चारचौघांत वाचण्याचे धैर्य मला झाले नाही. कोणी पाहत नाही असे बघून एकेक दगड उचलायचा आणि आपण काही करतो आहोत अशी स्वतःची समजूत घालायची. मी एक काढी, तोवर लोक दहा टाकीत. तू माझ्यावर संशय घेतलास त्यात नवल नाही. चोरासारखेच वागत होतो मी."

"आणि धुरपाकडे आपण काय मागत होता?"

"त्या बाईचे नाव. माझ्या पणजोबाने सारे लिहिले, पण नाव लिहिले नाही."

इतका वेळ दाजीबा खोत दगडासारखे उभे होते. हुकूम देणारा खोत त्यांचाच पूर्वज होता, हे सगळ्यांच्या ध्यानात आले होते. ते पुढे झाले.

"कागद इथेच जाळा. नवान्नाला यातला एक शब्द वाचलात, तर गुरुशिष्यांनी दुसरं खोरं पाहावं." एवढे बोलून ते निघून गेले.

कागद न जाळता घरी आणल्यावर विश्वंभरने विचारले, "काय लिहू, गुरुजी?"

"ते मी सांगणार नाही. सांगायचे होते तेव्हा मी गप्प राहिलो. आता लेखणी तुझ्या हाती आहे."

तीन दिवस विश्वंभर त्या दोन कोऱ्या पानांपुढे बसून होता. घर, वडिलांची शेती, म्हातारी आई, सारे त्याच खोऱ्यात होते. पण प्रत्येक वेळी त्याला कुडाआडून ऐकलेले धुरपाचे ते 'कशावर ठेवू?' आठवे. तिचा अविश्वास चार पिढ्यांच्या अनुभवावर उभा होता आणि आपला संशय एका व्यापाऱ्याच्या हसण्यावर, हे त्याला आता कळत होते. चौथ्या दिवशी त्याने लिहायला घेतले, आणि आरंभ स्वतःपासून केला.

नवान्नपौर्णिमेला सभामंडप भरून गेला. दाजीबा नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत बसले होते. आदल्या दिवशी ते एकटेच कपारीत जाऊन आल्याचे गुराख्यांनी पाहिले होते. पण त्यांच्या मनात काय होते, ते कोणालाच उमगले नव्हते.

विश्वंभरने वाचले. देवळाचे, तळ्याचे, पुराचे वाचले. मग दुष्काळ आला. "मी, विश्वंभर, माझ्या गुरूंवर चोरीचा आळ घेतला. तो कसा खोटा ठरला आणि त्यातून कोणते सत्य बाहेर आले, ते लिहितो." मंडपात कुजबुज झाली. दोघेतिघे उठून गेले. विश्वंभर थांबला नाही. बियाणे, कपार, मुलाचा मृत्यू, पहिला दगड, खोतांचा हुकूम, सारे त्याने वाचले. मग पान खाली ठेवून तो म्हणाला, "या बाईच्या नावाची जागा कोरी आहे. ते या मंडपात कोणाला ठाऊक असेल तर सांगावे. ठाऊक असून सांगायचे नसेल, तर त्यांचा तो अधिकार आहे."

पायरीवर पत्रावळ्या उतरवून ठेवलेली धुरपा अजून तिथेच उभी होती.

"आवडा," ती म्हणाली. "आमच्यात थोरल्या लेकीचं नाव हेच ठेवतात. बाहेर दुसरं सांगतात. माझंही हेच."

विश्वंभरने टाक शाईत बुडवला आणि कोऱ्या जागी नाव लिहिले. पान घेऊन तो पायरीवर गेला आणि तिच्यापुढे धरले. धुरपाला वाचता येत नव्हते. ती त्या तीन ओल्या अक्षरांकडे टक लावून पाहत राहिली.

"तेच लिहिलंय कशावरून?"

आपण शपथ घेतली तरी तिने ती का मानावी? त्याने असहायपणे मागे पाहिले.

दाजीबा खोत उठले. मंडपातली माणसे बाजूला सरली. त्यांनी विश्वंभरच्या हातातून पान घेतले, उजेडाकडे धरले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचले.

"आवडा."