वारुळातला रुंद रस्ता

माळावर माणसाचं पाऊलही पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका वारुळात मुंग्यांची फार दाटी झाली होती. म्हातारी गोम पन्नासजणींना एकदम पाठीवर बसवून न्यायची, पण मानकरी मुंग्यांना त्यात कमीपणा वाटे. प्रत्येकीला बसायला स्वतःचा भुंगेरा हवा होता. "हिच्यामुळेच रस्ता अडतो," म्हणत त्यांनी गोमीला हाकललं आणि रस्त्याकडेच्या भिंती कोरायला घेतल्या. रस्ता रुंदावला की भुंगेरे वाढायचे, मग पुन्हा कोरकाम.

"बायांनो, आता पलीकडे पिल्लांची खोली आहे," दाई मुंगी कळवळून म्हणाली.

"पिल्लांचं नंतर बघू. रस्ता आधी!"

रस्ता पुरा झाला. आसरा शोधत फिरणाऱ्या सापाने दारातून डोकावून पाहिलं. आजवर त्याचं डोकंही तिथं शिरत नव्हतं. आता तो कुठेही न अडकता थेट पिल्लांच्या खोलीपर्यंत गेला.