राघूचं रामफळ

“सगळा कर वाचवला, आक्का. एक रुपया जाऊ दिला नाही. तरी महिनाअखेरीला घरात चणचण का असते?”

मल्लिनाथने हे विचारलं तेव्हा त्याची बायको गिरिजा शेजारीच बसली होती, उजव्या गालावर पदर दाबून. उत्तर तिला ठाऊक होतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

आक्का म्हणजे कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठातली म्हातारी संन्यासिनी. मल्लिनाथ शाळकरी पोर असताना तिनेच त्याला मठाच्या ओट्यावर बसवून वचनं पाठ करून घेतली होती, चुकला की कान पिळला होता आणि आजारी पडला की पेज भरवली होती. आता तो कोल्हापुरात कारखान्यात मोठा इंजिनिअर होता. तरी आक्कापुढे आला की अजून मांडी घालून जमिनीवरच बसायचा.

आक्काने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

मग त्याने सगळं बैजवार सांगितलं, आणि सांगताना त्याला चांगलंच स्फुरण चढलं. ऑफिसातले बाकीचे लोक पगारातून कर कापून घेतात आणि मुकाट बसतात, आपण तसे नाही, असं त्याचं म्हणणं. पगार वाढत गेला तशा त्याने पॉलिस्या वाढवल्या. करबचतीच्या योजना धुंडाळून काढल्या, कुठे पाच वर्षं हात लावता येत नाही, कुठे पंधरा. आज मार्चची अखेर होती आणि एकच पॉलिसी घ्यायची राहिली होती. तिचा चेक त्याने खिशातून काढून ओट्यावर आक्काच्या पायाशी ठेवला. संध्याकाळी एजंट यायचा होता, त्याआधी आक्काचा हात लागावा एवढीच इच्छा.

आक्काने चेकला हात लावला नाही.

“कर किती ग्येला असता रं?”

“शंभरातले वीस.”

“आन् त्ये वाचवाया तू किती घातलंस?”

“शंभर. शंभर अडकवले तरच वीस वाचतात, आक्का.”

“म्हंजी हातात...”

“आत्ता काही नाही. पण पुढे मिळणार. ही साठीची झाली की हिच्या नावावर चांगली रक्कम येणार आहे.”

असं म्हणून त्याने बायकोकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की गिरिजाचा राग पुन्हा एकदा विरघळला. गेले तीन-चार महिने हेच चाललं होतं. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. हा तर तिच्याच म्हातारपणाची तजवीज करत होता, आणि तिच्यावर त्याचा जीव होता हे सांगायला तिला कुणा आक्काची गरज नव्हती.

दुखत होती ती दाढ मात्र आजची होती.

डिसेंबरात ठणका सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलेला खर्च काही डोंगराएवढा नव्हता. पण जानेवारीत एक हप्ता आला, फेब्रुवारीत दुसरा, आणि दाढ एप्रिलवर गेली. गिरिजा दाढेखाली लवंग धरायची. भाकरी दुधात कुस्करून खायची. घरात दूध कमी करावं लागलं तेव्हापासून आमटीत कुस्करून खायची. आज संध्याकाळी हा चेक गेला की एप्रिलही हातचा जाणार, हे तिला समोर दिसत होतं. सांगून सांगून थकली तेव्हा तिने दाढेविषयी बोलणं सोडलं, आणि मल्लिनाथला वाटलं, दाढ दुखायची थांबली.

आक्का उठली. झोळी खांद्याला अडकवून गावात भिक्षेला निघाली. जाताना तिने गिरिजाच्या गालाकडे एकवार पाहिलं.

मठाच्या अंगणात रामफळाचं झाड होतं. फळं लागली होती, पण बहुतेक अजून हिरवट, टणक. तेवढ्यात एक राघू आला, फांदीवर दोन-तीन ठिकाणी मान वाकडी करून बघितलं आणि एका फळाला चोच लावली.

मल्लिनाथ ताडकन उठला.

“बघितलंस? म्हातारीच्या तोंडचा घास खातोय.”

गिरिजाने त्याला राहू द्या म्हणून सांगितलं. फळं अजून भरली नाहीत, आत्ता उतरवली तर पिकायची नाहीत, हेही सांगितलं. तिच्या माहेरी परसात दोन झाडं होती. पण मल्लिनाथच्या डोक्यात एकदा हिशेब शिरला की त्याला अडवणं अवघड. घरात पेंढ्यात घालून ठेवली की पिकतील, आणि नाही पिकली तरी राघूच्या घशात तर जाणार नाहीत... असं म्हणत त्याने अंगणातली आकडी घेतली. बघता बघता झाड रिकामं झालं आणि टोपली भरली. राघूने चोच लावलेलं फळ तेवढं त्याने उष्टं म्हणून भिंतीकडेला टाकून दिलं.

आक्का परत आली तेव्हा तो घामाघूम होऊन टोपलीशेजारी उभा होता. लहानपणी वचन न चुकता म्हणून दाखवल्यावर उभा राहायचा, तसाच.

“राघूला एक मिळू दिलं नाही, आक्का.”

आक्काने झाडाकडे पाहिलं. मग टोपलीकडे...

ती रागावली नाही. खाली बसली, टोपलीतलं एक फळ उचललं आणि अंगठ्याने दाबून बघितलं. फळ दबेना. ओट्याच्या दगडावर हलकंच आपटलं तर टक् असा आवाज आला.

ते तिने गिरिजाच्या हातावर ठेवलं.

“खा ग पोरी. मठातला परसाद हाय.”

प्रसादाला नाही कसं म्हणायचं? गिरिजाने फळ कपाळाला लावलं आणि दात टेकवले. कळ थेट कानापर्यंत गेली. फळ हातातून सुटून घरंगळत गेलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

आक्काने पुढे होऊन आपला सुरकुतलेला तळवा तिच्या गालावर ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

मल्लिनाथ जागीच खिळला.

“अजून दुखतेय? थांबली होती ना?”

“थांबली कुठं होती...” गिरिजा म्हणाली.

नदीकडून कपडे आपटल्याचा आवाज येत होता.

आक्का उठून भिंतीकडेला गेली. राघूचं फळ धुळीतून उचललं, तांब्यातल्या पाण्याने धुतलं आणि दोन्ही हातांनी उघडलं. ते लोण्यासारखं उलगडलं. सगळ्या झाडावर तेवढं एकच पिकलं होतं, आणि राघूने ते बरोबर ओळखलं होतं. चोच लागलेला भाग तिने तोडून बाजूला ठेवला आणि उरलेलं सगळं गिरिजाच्या ओंजळीत दिलं.

गिरिजाने डाव्या बाजूने खाल्लं. चावावं लागलंच नाही. इतके महिने तोंडात गेलेला प्रत्येक घास तिने भीत भीत गिळला होता. हे तिने डोळे मिटून, सावकाश, चवीने खाल्लं. मल्लिनाथ तिच्याकडे बघत राहिला. असं खाताना त्याने तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

तो ओट्यावर बसला. चेक अजून तिथेच पडला होता. त्याने तो उचलला, त्यावरची आपली वळणदार सही बघितली, आणि मधोमध फाडला.

“एजंटाला नको म्हणून सांगतो,” तो बायकोला म्हणाला. “उद्या रजा टाकतो. आधी दाढ.”

गिरिजाला पुन्हा रडू आलं. या वेळी कळ आली नव्हती.

पण इतक्या वर्षांची खोड अशी एका सकाळी थोडीच जाते? थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

“मग कर पडणार, आक्का. औंदा पडणार, आणि आता दर साली पडत राहणार.”

राघू पुन्हा आला होता. रिकाम्या फांदीवर बसून त्याने इकडे मान केली, तिकडे मान केली. मग उडून गेला.

आक्का त्याच्या मागे आभाळात बघत राहिली. मग चोच लागलेला तो तुकडा तिने भिंतीवर नीट ठेवला, आणि खाली वाकून मल्लिनाथचा कान धरला... पिळला मात्र नाही.

“ज्या साली झाडाला फळ न्हाई म्हनून राघू यायचा न्हाई,” ती म्हणाली, “त्या साली रडत ये माज्याकडं.”