भागवतने बसवलेले ड्रायव्हर

खैरवाडी नावाच्या गावात एक भोळा तरुण राहत होता. त्याचं नाव भागवत. 'भोळा' हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरत असे. सांगितलेलं काम भागवत तंतोतंत करी, फक्त एका ठिकाणी सांगितलेलं दुसऱ्या ठिकाणी करी.

त्याचे सदूकाका कॉम्प्युटर दुरुस्त करत आणि भागवत त्यांच्या हाताखाली होता. त्याचा जीव जडला होता फोटो स्टुडिओवाल्या पोपटरावांच्या कुंदावर. कुंदाचीही ना नव्हती. पण पोपटरावांची अट होती, जावयाला कॉम्प्युटरमधलं कळलं पाहिजे.

"जरा हुशारी दाखव, मग मी शब्द टाकतो," काका म्हणाले. हुशारी मागायला त्यांना दुसरं कुणी सापडलं नाही.

एकदा फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर चित्रं नीट दिसेनात. त्यात विंडोज होतं. काका म्हणाले, "नवा ड्रायव्हर बसव. चित्र पडद्यावर कसं काढायचं, हे मशीनला सांगणारा प्रोग्रॅम असतो तो."

भागवतने जुना ड्रायव्हर तसाच ठेवला आणि त्याच्या बोकांडी नवा बसवला. दोघांची जुंपली. पुढारी भाऊसाहेब पडद्यावर जांभळ्या रंगाचे दिसू लागले, म्हणून फ्लेक्सवाल्याने त्यांच्या चेहऱ्यात पिवळा रंग वाढवला. छापून आले ते कावीळ झालेले भाऊसाहेब. फ्लेक्स चौकात लागला. कार्यकर्त्यांनी खाली उभं राहून फोटो काढले. कुणालाच काही खटकलं नाही, कारण भाऊसाहेबांनी रंग बदलण्याची त्यांना सवय होती.

"अरे येड्या," काका ओरडले, "आधी जुना मुळासकट काढायचा, मग नवा बसवायचा!"

"बरं काका," भागवत म्हणाला.

मग शाळेतून बोलावणं आलं. शाळेच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. भागवतने जाताच जुना ड्रायव्हर मुळासकट काढला. मुळं जरा जास्तच खोल गेली होती. पडदा काळा ठिक्कर पडला. आता नवा बसवायचा तर दिसायला तर पाहिजे! हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "मघाशी निदान अंधुक तरी दिसत होतं." भागवतने दिवा लावून पाहिला. तरी दिसेना.

"अरे, लिनक्सला उपटाउपटी कशाला?" काकांनी कपाळ बडवलं. "त्याच्या भांडारात सगळं असतं. आपण फक्त मागायचं. ते विचारतं, बसवू का? आपण 'हो' म्हणायचं!"

"बरं काका."

पुढची पाळी थेट पोपटरावांच्या स्टुडिओची. तिथे होता मॅक. व्हिडिओ अडकत होता. काका म्हणाले, "नुसतं बघून ये." समोर कुंदा उभी, मग नुसतं कोण बघतो? भागवतने भांडार शोधत दिसेल ते बटण दाबलं. शेवटी मशीनने विचारलं, सगळं पुसून नव्याने सुरू करू का?

"हो."

नक्की?

"हो."

पुसलेलं परत मिळणार नाही, चालेल?

"हो."

इतक्यांदा तर लग्नात भटजीही विचारत नाहीत. पंचक्रोशीतली सगळी लग्नं एका झटक्यात पुसली गेली.

पोपटराव मटकन खाली बसले. कुंदा मात्र हसत सुटली. तिने सगळे फोटो वेगळ्या डिस्कवर आधीच ठेवले होते. ती म्हणाली, "बाबा, सांगाल ते इतकं मनापासून करणारा नवरा शोधून मिळेल का?"

पोपटरावांनी विचार केला. घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. ऐकणारा एक तरी येतोय, हे काय कमी होतं? त्यांनी भागवतला मुलगी बघायला बोलावलं. कॉम्प्युटरची अट त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिली.

वाटेत काकांनी समज दिली, "मॅकला ड्रायव्हर आपण बसवायचाच नसतो. सगळं आतूनच आलेलं असतं. आणि यापुढे कुणी काही विचारलं तर 'हो' म्हणू नकोस. 'नको' म्हण. म्हणजे काही बिघडत नाही."

"बरं काका."

पोह्यांच्या बशा आल्या. भागवत सकाळपासून उपाशी होता.

"पोहे घ्या ना," कुंदाची आई म्हणाली.

"नको."

"निदान लाडू तरी?"

"नको."

"चहा?"

"नको," भागवत आवंढा गिळून म्हणाला.

"किती संकोची मुलगा!" आईला भरून आलं. कुंदाच्या आत्याबाईंनी पदराने डोळे टिपले. कुंदा पदर सावरून समोर बसली. तिने भागवतकडे बघून हळूच हसून घेतलं.

पोपटराव खाकरले. "मग भागवतराव, आमची कुंदा पसंत आहे ना?"

"नको," भागवत म्हणाला.

कुंदा उठून आत गेली आणि आतून दाराची कडी लागली. पोपटरावांनी दाराबाहेरच्या चपलांकडे बोट दाखवलं.

भागवत काकांच्या कानाला लागला. "काका," तो आनंदाने कुजबुजला, "या वेळी काहीच पुसलं गेलं नाही ना?"